वारेत दडलेला ताप

मदन मगदूमांना गावातली माणसं तोंडावरून कमी आणि बोटांवरून जास्त ओळखू येत. आलं काढणाऱ्या बाईच्या नखात माती पक्की बसलेली असते, ऊस तोडणाऱ्याच्या तर्जनीला घट्टा असतो, तिथं सुई लागतच नाही म्हणून त्याचं मधलं बोट धरायचं. शाळेतले गुरुजी टोचायच्या आधीच डोळे मिटतात. एकतीस वर्षं आरोग्य केंद्रांच्या प्रयोगशाळेत काढल्यावर असलं ज्ञान आपोआप साठतं. त्यातली शेवटची अकरा वर्षं कोरेगावजवळच्या एका गावात गेली. खोली भाड्याची, तीही केंद्राच्या मागंच. घर सांगली जिल्ह्यात, आष्ट्याला. तिथं बायको सुरेखा दीड एकर ऊस आणि दोन म्हशी सांभाळते. शनिवारी दुपारी मदनअण्णा एसटी धरायचे आणि सोमवारी दवाखाना उघडायच्या आत परत हजर.

अण्णा जैन. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, बटाटा-कांद्याला हात लावणार नाहीत. शिपाई पप्पू त्यांना यावरून नेहमी छेडायचा.

"अण्णा, मुंगी दिसली की तुमी पाय उचलून घेताय, आन हितं दिसभर जंतू हुडकत बसताय. वर गेल्यावर कसं व्हायचं तुमचं?"

"मी फकस्त हुडकतोय रं. मारायचं काम डॉक्टरांचं. पाप वाटून घेतलंय आमी."

हुडकायचं म्हणजे काय, ते त्यांना शिकवलं दादासो नावाच्या जुन्या तंत्रज्ञानं. पहिल्या नेमणुकीवर दादासोनं त्यांना महिनाभर नुसतं शेजारी बसवून घेतलं होतं. काचेवर रक्ताचा एक जाड थेंब, बाजूला एक पातळ लेप. रंग द्यायचा, धुवायचा, वाळवायचा, थेंबभर तेल टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एक जागा बघून झाली की काच केसभर सरकवायची आणि दुसरी जागा बघायची. शंभर जागा बघितल्याशिवाय 'जंतू आढळले नाहीत' असं लिहायचं नाही. आणि रक्त घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा, गेले सहा महिने कुठं होता? दादासो म्हणायचा, "निम्मा हिवताप काचेवर असतो गड्या, निम्मा एसटीच्या तिकिटावर."

शंभर जागांची सवय अण्णांनी सोडली नाही. प्रश्न मात्र सुटला. कसा सुटला, कधी सुटला, त्यांनाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत या गावात हिवतापाचे दोनच रुग्ण निघाले होते आणि ते दोघंही बाहेरून रस्त्याच्या कामावर आलेले मजूर. बाकी सगळ्या काचा कोऱ्या. रोज कोरी काच बघणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा कंटाळा येतो, यात त्याचा फार दोष नसेल. पण दोष असतोच.

संयोगिता दवाखान्यात आली ती एका गुरुवारी. बरोबर तिची आई साळूबाई. पोरगी तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा नुकताच लागलेला. तिचा नवरा वीरधवल फौजेत नाईक. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी ती आईकडे आली होती. नर्सताईंनी तिचं नवं कार्ड बनवलं होतं, कारण जुनं कार्ड 'तिकडं' राहिलं. चेहरा पिवळट, दोन पायऱ्या चढली तरी धाप. रक्त सव्वासात ग्रॅम.

डॉक्टर राजेश्वरी वर्षभरापूर्वीच शिकून आलेल्या. त्यांनी पोट मोजलं, पुन्हा मोजलं. बाळाची वाढ मागे पडलेली वाटली. "ताप येतो का गं?" त्यांनी विचारलं.

"कवातरी संध्याकाळचं अंग कोमट लागतंय," संयोगिता म्हणाली.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या, सोनोग्राफीची चिठ्ठी दिली आणि बाकीच्या तपासण्यांच्या खाली, जाता जाता, हिवतापासाठी रक्त बघायलाही लिहिलं.

अण्णांनी फॉर्म पुढं ओढला. नाव, वय, राहणार. 'राहणार'पुढं त्यांनी गावाचं नाव लिहिलं. विचारायचं काय त्यात? बाळंतपणाला आलेली लेक माहेरचीच. आपल्याकडे तिची नोंद माहेरच्या पत्त्यावरच होते. आशाताई तसंच लिहितात, नर्स तसंच लिहिते, आणि तिची आईही तसंच सांगते, कारण लेक सासरची झाली हे ह्या दोन-तीन महिन्यांपुरतं तिला विसरायचं असतं.

त्यांनी बोट धरलं. बोट मऊ होतं, नखं स्वच्छ. साळूबाई शेजारी उभी राहून सूचना करत होती.

"अण्णा, जरा हळू. पोरीच्या अंगात रगत हाय कुठं, त्यात तुमी काढून घेताय."

"मावशी, तुमच्या डासांपेक्षा कमीच घेतो."

"तिकडं बी काचंवर असंच पसरायचे," संयोगिता रक्ताकडं बघत म्हणाली.

"गप गं, बोट हलवू नगं," साळूबाई म्हणाली. "आन अण्णा, खायला काय द्यायचं हिला? बीट देतीया, खजूर देतीया, नाचणी देतीया. समदं जातंय कुठं कुणास ठावं."

अण्णा हसले. सगळं जातंय कुठं, हा प्रश्न त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत नेमका होता, पण तो त्यांच्या कानाला नुसता लागून गेला.

शुक्रवारी त्यांनी काच बघितली. शंभर जागा. एकाही तांबड्या पेशीत जंतू नाही. एका मोठ्या पांढऱ्या पेशीत मात्र तपकिरी काळसर कण दिसले, तपकिरीच्या डबीतून चिमूट सांडावी तसे. त्यांनी फोकस पुढं-मागं केला. रंगाचा कचरा असेल. रंग जुना झाला की असे कण बसतात. त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'जंतू आढळले नाहीत', आणि सही केली. डॉक्टरांनीही खाली सही केली. साळूबाईला तसा निरोप गेला, आणि काच वरचं तेल टिपून पेटीत गेली.

शनिवारी दुपारी ते एसटीत बसले. कोरेगाव, सातारा, तिथून कराड. खिडकीजवळ जागा मिळाली. पुढच्या बाकावर एक बाई आपल्या नातीच्या फ्रॉकला चिकटलेली आघाड्याची बोंडं एक एक करून काढत होती आणि पोरीला रागावत होती, "कुठं शिरली व्हतीस?" अण्णा ते बघत होते, विशेष काही विचार न करता. आणि मग उंब्रजच्या पुढं, कोणतंही कारण नसताना, त्यांच्या कानात संयोगिताचा आवाज आला. तिकडं बी काचंवर असंच पसरायचे.

काचेवर.

रक्त किती भरलं हे बघायला रक्त काचेवर पसरत नाहीत. साखर बघायला पसरत नाहीत. गरोदर बाईचं रक्त बोटातून घेऊन काचेवर पसरतात ते एकाच गोष्टीसाठी, आणि जिथं ती गोष्ट असते तिथंच. मग 'तिकडं' म्हणजे कुठं?

दुसरी गोष्ट तिच्या मागोमाग आली. शुक्रवारी त्यांनी नऊ काचा एकाच रंगात रंगवल्या होत्या. कचरा रंगाचा असता तर नऊही काचांवर बसला असता, पेशीच्या बाहेरही पडला असता. तो एकाच बाईच्या, एकाच पांढऱ्या पेशीच्या पोटात कसा जाईल? हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीतलं रक्त खातो आणि त्याचा न पचलेला भाग तपकिरी कणांच्या रूपात मागे ठेवतो. शरीराच्या रखवालदार पांढऱ्या पेशी ती घाण गिळतात. म्हणजे चोर दिसला नव्हता, पण त्याच्या जेवणाचं खरकटं रखवालदाराच्या पोटात दिसलं होतं. आणि अण्णांनी त्याला कचरा म्हणून सोडून दिलं होतं.

कराडच्या स्टँडवर ते उतरले. आष्ट्याच्या गाडीचा फलाट डावीकडं होता. ते उजवीकडं साताऱ्याच्या गाडीकडं गेले. सुरेखाला फोन लावला.

"आज येत न्हाई मी."

"का वो? काय झालं?"

"एक काच परत बघायची हाय."

मग ती म्हणाली, "जेवनाचं काय?"

"खोलीवर दूध हाय, चुरमुरं हाईत."

"दिस मावळायच्या आत पोचतासा का?"

"बघू की."

परतीच्या गाडीत त्यांना एका माणसाचे आभार मानावेसे वाटत होते. तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कधीतरी, कुठल्याशा कचेरीत बसून कुणीतरी नियम केला होता की कोऱ्या काचाही लगेच धुवून टाकू नयेत, फेरतपासणीसाठी जपून ठेवाव्यात. अण्णांनी या नियमाला अनेकदा नावं ठेवली होती. त्यांनी मनात त्या माणसाला हात जोडले.

केंद्रावर पोचेपर्यंत साडेसहा वाजले होते. पप्पूनं कुरकुरत कुलूप काढलं. अण्णांनी काच शोधली, तेलाचा थेंब टाकला. या वेळी दोनशे जागा. जंतू एकही नाही. पण तपकिरी कण पोटात घेतलेल्या आणखी तीन पांढऱ्या पेशी सापडल्या. ते खुर्चीत मागे टेकले. बाहेर बघितलं तर दिवस मावळला होता. दूध आणि चुरमुरे खोलीवर तसेच राहिले.

रविवारी सकाळी आठला ते साळूबाईच्या दारात उभे होते, खांद्याला पिशवी. साळूबाईनं चहा टाकला. अण्णांनी तो अर्धा प्यायला आणि विचारलं, "संयोगिता, तिकडं बी काचंवर रक्त पसरायचे म्हणालीस. तिकडं म्हंजे कुठं?"

साळूबाईनं मध्येच उत्तर दिलं. "आवं अण्णा, ती हितलीच हाय की. आमची पोर."

"हितली हायच मावशी. गेलं वर्षभर कुठं व्हती, ते इचारतोय मी. हे मी गुरुवारीच इचारायला पायजे व्हतं."

संयोगितानं आईकडं बघितलं. मग संयोगिता हळूच म्हणाली, "त्रिपुरात. यांच्याबरोबर."

वीरधवलची नेमणूक तिथं होती. लग्नानंतर त्यानं भाड्यानं खोली घेतली आणि तिला नेली. सासूबाई वाईच्या. त्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. जंगलातल्या मुलखात नव्या नवरीला नेऊ नको, काही झालं तर मला सांगू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून साळूबाईनं गावात सांगताना लेक वाईलाच होती, असं सांगितलं. खोटं फार मोठं नव्हतं. कुणाचं त्यात नुकसान होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

"आन ताप?" अण्णांनी विचारलं.

"चौथा लागला तवा आला व्हता," संयोगिता म्हणाली. "थंडी वाजून. तिथल्या दवाखान्यात काचंवर रक्त घेतलं, तीन दिसाच्या गोळ्या दिल्या. पयल्या दिशी घेतल्या त्या निम्म्या उलटून पडल्या. शेजारची एक म्हनली, पोटुशीनं असल्या उष्ण गोळ्या घ्यायच्या नसत्यात, पोराला लागत्यात. ताप बी उतरला व्हता. मग म्या ठेवून दिल्या."

"कुठं ठेवल्यास?"

ती आत गेली आणि पेटीतून गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक होत्या. साळूबाई ते पाकीट उलटंपालटं करून बघत राहिली.

"आगं, मला तरी सांगायचं."

"तू वाईच्या आत्यास्नी सांगितलं असतंस."

"म्या?"

"भांडताना सांगितलं असतंस."

साळूबाई पुन्हा पाकीट बघायला लागली. त्याअर्थी ते खरं होतं.

अण्णांनी पिशवीतून तपासणीचं कार्ड काढलं. हे कार्ड म्हणजे बोटाएवढी प्लॅस्टिकची पट्टी. रक्ताचा थेंब टाकायचा, वर औषधाचे थेंब टाकायचे आणि वीस मिनिटं थांबायचं. पहिली रेघ उमटली की कार्ड ठीक आहे. दुसरी उमटली तर रक्तात जंतूचा माल आहे. त्यांनी संयोगिताचं बोट टोचून थेंब टाकले, घड्याळ बघितलं आणि कार्ड कोनाड्यात, सपाट जागेवर ठेवलं.

"अण्णा," साळूबाई म्हणाली, "काचंवर तर काय घावलं न्हाई म्हनला हुता की तुमी."

"न्हाईच घावलं. बोटात नसंल, तर कसं घावंल?"

"रगत सगळीकडं एकच असतंय की."

"रगत एकच, पर त्यो एका जागी दडून बसतोय." अण्णा इकडंतिकडं बघू लागले. परड्याच्या कडेला आघाडा माजला होता. त्यांनी उठून एक काडी मोडून आणली आणि साळूबाईच्या पदराच्या काठावरून फिरवली. चार बोंडं काठाला चिकटली. "हे बघा. त्यो जंतू तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी हळूहळू वाकडीतिकडी व्हायला लागती. आपल्या अंगात प्लीहा हाय, ती चाळणीसारखी. अशा बिघडलेल्या पेशी ती गाळून मोडून टाकती. जंतूला हे ठावं हाय. मग त्यो आतून आपलं प्रथिन बनवतोय आन पेशीच्या अंगावर पाठवतोय. पेशीला बाहेरून अशी बोंडं फुटत्यात. ती बोंडं रक्ताच्या नळीच्या भिताडाला चिकटत्यात. पेशी वाहतच न्हाई, मग चाळणीत जायची कशी?"

"लय बेरकी की वो," साळूबाई म्हणाली.

"पुढं ऐका. अंगातले रखवालदार ती बोंडं वळखायला शिकत्यात. तवर त्यो बोंडाची जात बदलतोय. त्याच्याकडं साठ जातीची बोंडं हाईत म्हनत्यात. एक वळखीचं झालं की दुसरं."

संयोगितानं विचारलं, "मग आता कुठं चिकटलंय?"

अण्णांनी आघाड्याची काडी खाली ठेवली. पोरीला घाबरवायचं नव्हतं, आणि खोटंही सांगायचं नव्हतं. "त्या साठांतली एक जात अशी हाय की ती दुसऱ्या कुठल्या भिताडाला नीट बसत न्हाई. ती फकस्त वारेला बसती. बाई पोटुशी नसली, तर त्या बोंडाला चिकटाय जागाच नसती. तुझ्या अंगात वार पयल्यांदाच तयार झाली. त्यामुळं ते बोंड तुझ्या रखवालदारांनी कवाच बघितलेलं न्हाई. त्यांची काय चूक न्हाई. तुमी म्हनला न्हवं मावशी, समदं जातंय कुठं? बाळाकडं जायची वाट वारेतनं हाय. आन वाटेवर हे बसल्यात."

साळूबाईनं पदराची बोंडं काढली नाहीत. ती कोनाड्याकडं बघत होती.

पहिली रेघ केव्हाच उमटली होती. अठराव्या मिनिटाला तिच्या शेजारी दुसरी दिसायला लागली, फिकट, पेन्सिलीनं हलकेच ओढावी तशी. अण्णांनी ती उजेडात धरून बघितली, संयोगिताला दाखवली, आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर साताऱ्याला आपल्या घरी होत्या.

"काका, रेघ आली हे ठीक," त्या म्हणाल्या. "पण हे कार्ड जंतूला ओळखत नाही, त्यानं रक्तात सोडलेल्या प्रथिनाला ओळखतं. आणि जंतू मेल्यावरही ते प्रथिन रक्तात राहतं. तुम्हीच मला सांगितलं होतं. जुन्या तापाची रेघ असेल तर? आठव्या महिन्यात उगाच औषध द्यायचं?"

"राहतं मॅडम. महिनाभर, फार तर दीड महिना. हिचा ताप जाऊन चार महिने होत आले, आणि गोळ्या निम्म्यासुद्धा पोटात गेल्या नाहीत. मेलेल्याचा वास एवढे दिवस टिकत नाही. आत जिवंत आहे, आणि रोज सोडतंय."

"आणि काचेवर दिसत नाही, कारण..."

"वारेत बसलंय. पांढऱ्या पेशींत खरकटं आहे, चार ठिकाणी. शुक्रवारी एक दिसलं होतं. मी कचरा म्हणून सोडलं आणि सही केली. चूक माझी आहे, तसं लिहून देतो."

"सही मीही केलीय काका. ते नंतर बघू. तिला आत्ता साताऱ्याला घेऊन या. मी जिल्ह्याच्या हिवताप अधिकाऱ्यांशी बोलून ठेवते."

त्या दिवशी दुपारपासून साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात औषध सुरू झालं. तीन दिवस प्रत्येक गोळी नर्ससमोर, खाऊन मगच. उलटी झाली तर पुन्हा द्यायची. पहिल्या गोळीच्या वेळी संयोगितानं विचारलं, "पोराला लागनार न्हाई न्हवं?" डॉक्टर राजेश्वरी तिच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "गोळी नाही लागणार. न घेतलेली गोळी लागलीय." वीरधवलचा रोज फोन यायचा. चौथ्या दिवशी साळूबाईनं लेकीकडून फोन मागून घेतला आणि स्वतःच वाईला लावला. काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही, पण पाचव्या दिवशी सासूबाई डब्यात तुपातले डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात आल्या आणि विहिणी-विहिणी एका बाकावर बसून दुपारभर डॉक्टरांना नावं ठेवत राहिल्या.

पंधरा दिवसांनी रक्त साडेआठ. महिन्यानं साडेनऊ. बाळाची वाढ पुन्हा सुरू झाली, सगळी भरून निघेल असं मात्र नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं. दर आठवड्याला अण्णा काच बघत. पांढऱ्या पेशींतले तपकिरी कण कमी होत गेले. सुरेखा आता शनिवारी फोन करून आधीच विचारायची, "काचंचं काय?" संयोगिताला तिनं कधी बघितलं नव्हतं, तरी म्हशीच्या दुधाचा खवा दोनदा पाठवला.

सदतीस आठवडे पुरे झाल्यावर साताऱ्यातच संयोगिता बाळंत झाली. मुलगी झाली. वजन दोन किलो तीनशे. रडणं मात्र चार किलोचं. अण्णा सकाळच्या पहिल्या गाडीनं पोचले, कारण काम अजून संपलं नव्हतं. वार बघायची होती, आणि बाळाचं रक्तही. आईचा जंतू क्वचित बाळात उतरतो. वार साफ झाली की नाही, हे बाळ जन्मल्याशिवाय कळत नाही, आणि बाळ सुटलं की नाही, हे त्याचं रक्त बघितल्याशिवाय.

साळूबाईला वार घरी न्यायची होती. परड्यात तुळशीमागं पुरायची, तिच्या घरची रीत. दवाखान्यानं परवानगी दिली होती.

"अण्णा, ती जमिनीत जायची वस्त. तुमी त्यात काय बघनार?"

"करंगळीच्या नखाएवढा तुकडा काचंला टेकवून उचलायचा, बास. बाकी समदी तुमची."

तिनं नर्सकडं बघून मान डोलावली.

अण्णांनी आधी वारेची काच बघितली. तपकिरी कणांचे ढीगच्या ढीग होते. दिवाळीनंतर अंगणात फटाक्यांचे कागद पडलेले असावेत तसे. इथं कधीकाळी जंतू शेकड्यांनी बसले असतील. आता एकही नव्हता. जिवंत काही नाही, नुसतं खरकटं.

मग बाळाची टाच. त्यांनी आजवर हजारो बोटं धरली होती, पण इतका लहान पाय क्वचितच. टाच अंगठ्याच्या पेराएवढी. सुई टोचली तेव्हा पोरीनं असा काही आवाज काढला की साळूबाईनं अण्णांच्या दंडावर चापट मारली.

"आवं, जीव हाय त्यो."

"म्हनूनच टोचतोय."

काच वाळायला वेळ लागला. रंग द्यायला वेळ लागला. साताऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञानं त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः चहाला गेला. शंभर जागा. दोनशे. मग, नियम नसताना, आणखी शंभर. प्रत्येक जागी गोल, स्वच्छ, नव्या तांबड्या पेशी. त्यांचा चष्मा धूसर झाला म्हणून एकदा काढून पुसावा लागला. त्या तीनशे जागा बघताना ते एकेकाला आठवत होते. त्रिपुरातला तो नाव माहीत नसलेला तंत्रज्ञ, ज्यानं या पोरीचं रक्त काचेवर पसरलं आणि तिच्या लक्षात राहील असं पसरलं. तरुण डॉक्टरीण, जिनं जाता जाता एक ओळ लिहिली. आपल्याच बेरकीपणात रक्तात माल सांडून ठेवणारा तो जंतूसुद्धा.

ते बाहेर आले. साळूबाई बाळाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. शेजारी पिशवीत नारळ, टोपी आणि टॉवेल होता, त्यांच्यासाठी आणलेला.

"काय न्हाई घावलं," अण्णा म्हणाले. "कोरी हाय."

साळूबाईनं डोळे मिटले आणि उघडले. मग ती पिशवीकडं हात न्यायला लागली, तर अण्णांनी तिला थांबवलं.

"मावशी, एक सांगायचं राहिलंय. ते ऐकून मग द्यायचं तर द्या. पयल्या खेपेला मी चुकलो व्हतो. पोरीला कुठनं आलीस म्हनून इचारलं न्हाई. काचंवर खूण दिसली, तरी 'न्हाई' लिवून मोकळा झालो. तसाच आष्ट्याला गेलो असतो, तर..."

साळूबाईनं ऐकून घेतलं. बाळाचं टोपडं सारखं केलं.

"मंग परत कोन आलं?"

"मीच आलो."

"कुठनं?"

"कराडातनं."

"मंग मला काय सांगताय?" ती म्हणाली. "माज्या पोरीनं मला सांगितलं न्हाई. म्या गावाला सांगितलं न्हाई. तुमी लिवलं न्हाई. तिघं बी सारखंच. त्यातनं माघारी फिरून आला ते तुमी एकटंच." तिनं टोपी-टॉवेल त्यांच्या हातात कोंबला, आणि ते अजून तसेच अवघडून उभे आहेत असं बघून तो परत काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या हे. हात धुतल्यात न्हवं?"

"तीनदा."

"मंग घ्या, धरा हिला. मी जरा च्या पिऊन येती. सकाळधरनं घोट घेतला न्हाई."

अण्णा बाकावर बसले. पोरगी त्यांच्या दोन्ही हातांत मावून थोडी जागा उरत होती. पट्टी लावलेली टाच तिनं दुपट्यातून बाहेर काढली आणि त्यांच्या मनगटाला टेकवली. त्यांनी ती हलवली नाही. साळूबाई चहा पिऊन, लेकीच्या सासूशी बोलून, वारेची पिशवी हातात घेऊन परत येईपर्यंत ते तसेच बसून होते.